क्षार म्हणजे मीठ नव्हे

राजा घाटावरचा राजा म्हणजे काशीराज दिवोदास नव्हे. हा घाट अमृतरावांचा. राघोबादादांचा हा दत्तक पुत्र. १८०२ साली होळकरांनी पुणे घेतलं तेव्हा काही काळ कारभार त्याच्या हाती आला, मुलगा विनायकराव पेशवेपदाच्या उंबरठ्यावर पोचला, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांशी करार करून, सालीना सात लाखांचा तनखा घेऊन अमृतराव बाजूला झाले. आयुष्याची अखेर काशीत. घाट बांधला, अन्नछत्र चालवलं. पायऱ्यांच्या वरची ती उंच दगडी भिंत पाहिली की मराठी माणसाला वाड्याची आठवण होते.

गेल्या हिवाळ्यात याच पायऱ्यांवर बसून मी दुसऱ्या राजाचं एक प्रकरण मराठीत आणत होते. सुश्रुतसंहितेची मांडणी अशी आहे की काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी सांगतो आणि सुश्रुत व त्याचे सहाध्यायी ऐकतात. सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षार तयार करण्याबद्दलचा. चामखीळ, तीळ, मस, नायट्यासारखे त्वचेचे विकार, मूळव्याध, भगंदर, न भरणारी जखम: जिथे शस्त्र नेता येत नाही किंवा न्यायचं नाही, तिथे लावायचा पदार्थ. शस्त्रं आणि शस्त्रांच्या जागी वापरायची साधनं या सगळ्यांत राजा क्षाराला पहिला मान देतो. कारण तो कापतो, फोडतो, खरवडतो, आणि हे सगळं हातात पातं न धरता.

अनुवादाचा पहिला खर्डा संपादकांकडून परत आला तेव्हा ‘क्षार’ या शब्दापुढे पेन्सिलीने कंस काढून लिहिलं होतं: मीठ?

मी रागावले नाही. चूक माझी होती, संपादकांची नव्हती. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारा. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. आमच्या पुस्तकात बेस म्हणजे आम्लारी, अल्कली म्हणजे अल्क आणि सॉल्ट म्हणजे क्षार. बनारसच्या शाळेतल्या मुलाला विचारा, तो सांगेल अम्ल, क्षारक आणि लवण. पाण्यात विरघळणारा क्षारक तो क्षार. म्हणजे एकच शब्द नर्मदेच्या उत्तरेला अल्कली आणि दक्षिणेला सॉल्ट. एकीकडे कातडी जाळणारा पदार्थ, दुसरीकडे आमटीत पडणारा.

या खड्ड्यात मी आधी एकदा पडले आहे. दहाएक वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी भगंदराच्या रुग्णांची हिंदी माहितीपत्रिका मराठीत केली होती. क्षारसूत्र हा शब्द तसाच ठेवला आणि खाली खुलासा केला, ‘क्षार लावलेला दोरा’. काम दिलेल्या बाईंचा काही महिन्यांनी फोन आला. एका रुग्णाच्या मुलाने विचारलं होतं, दोरा बदलायला परत यायला जमलं नाही तर साधा दोरा मिठाच्या पाण्यात भिजवून घरीच घातला तर चालेल का? विचारलं म्हणून बरं झालं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पण मराठीने हा शब्द बिघडवला असंही म्हणता येणार नाही. क्षार प्रामुख्याने कटू आणि मागाहून खारट लागतो, असं संहितेतच आहे. (इथला ‘कटू’ म्हणजे तिखट, आपला ‘कडू’ त्यातूनच निघून भलतीकडे गेला, हा आणखी एक सापळा.) मग प्रत्येक भाषेने आपापला वाटा उचलला. कन्नडने तिखटपणा घेतला: तिथे खार म्हणजे मिरचीचा जाळ. आसामीत खार म्हणजे केळीच्या सालींच्या राखेचं पाणी आणि त्यात शिजवलेला पदार्थ. मूळ राख तिथे आजही जेवणात आहे. आपण खारटपणा घेतला: खारे दाणे, लोणच्याचा खार, क्षारपड जमीन. राखेची आठवण मराठीत उरली ती पापडखार, सज्जीखार, जवखार अशा वाण्याच्या दुकानातल्या शब्दांत. तिकडे अरबीतही ‘अल्-कली’ म्हणजे वनस्पतीची राखच.

आता कृती. शरद ऋतूत डोंगरावरचा, फार कोवळा नाही आणि फार जुनाही नाही असा मुष्कक वृक्ष तोडायचा. तुकडे करून, वारा नसलेल्या जागी ढीग रचून, त्यात चुनखडी घालून तिळाच्या काड्यांनी पेटवायचा. झाडाची राख आणि भाजलेला चुना वेगळे ठेवायचे. राखेच्या सहापट पाण्यात किंवा गोमूत्रात ती कालवून एकवीस वेळा गाळायची, मग मोठ्या कढईत पळीने ढवळत आटवायची. इथपर्यंत जे मिळतं तो मृदू क्षार. मग चुनखडी, शिंपा, शंखाची नाभी लोखंडी भांड्यात लालभडक तापवून त्याच क्षारजलात विझवायची, वाटून पुन्हा त्यात घालायची आणि शिजवायचं. हा मध्यम. आणखी काही तीव्र औषधी घातल्या की तीक्ष्ण. पदार्थ लोखंडी घड्यात, तोंड बंद करून ठेवायचा.

रसायनशास्त्र शिकलेल्या माझ्या भाच्याला मी हा परिच्छेद वाचून दाखवला तर तो हसला. राखेत पोटॅशियम कार्बोनेट, भाजलेला चुना पाण्यात पडला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोन्ही मिळून खडू तळाशी बसतो आणि वर उरतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश. तोंड बंद का, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते पुन्हा सौम्य होतं. सौम्य आणि दाहक अल्कलीत नेमका फरक काय, हे युरोपात जोसेफ ब्लॅकने १७५६ साली स्पष्ट केलं. अर्थात संहितेला कार्बन डायऑक्साइड ठाऊक होता असं कुणी म्हणू नये. तिला फरक ठाऊक होता, आणि फरक कसा घडवायचा ते ठाऊक होतं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

बेर्तलोला मात्र ते फार वाटलं. प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली निघाला, त्यावर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने विस्ताराने लिहिलं. कौतुक केलं, पण दाहक क्षाराची ही कृती युरोपीय ज्ञान पोचल्यानंतर कुणीतरी मागाहून घुसडली असावी, अशी शंकाही घेतली. म्हणजे हा अध्यायच एक चोरून केलेला अनुवाद! रायांचं उत्तर साधं होतं: अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताकडेही हीच कृती आहे. शंका घेणं गैर नव्हतं. जुन्या ग्रंथांत भर पडतेच. पण शंका नेमकी सगळ्यात नेटक्या परिच्छेदावर यावी, याची मला गंमत वाटते.

लावण्याची रीत वाचताना मला आजी आठवली. अध्याय सांगतो: जागा घासून किंवा किंचित खरवडून घ्या, शलाकेने क्षार लावा, शंभर अक्षरं उच्चारायला लागतील इतकं थांबा. यंत्रांच्या अध्यायात यासाठी पळीच्या आकाराच्या, खोलगट तोंडाच्या तीन शलाका वेगळ्या सांगितल्या आहेत. आजीची शलाका म्हणजे उदबत्तीची काडी. मी आठ वर्षांची असताना माझ्या मनगटावर चामखीळ होती. आजीने पानाच्या डब्यातला चुना आणि चिमूटभर पापडखार बशीत पाण्याच्या थेंबात कालवला, काडीच्या टोकाने लावला आणि एकदा भीमरूपी म्हणून होईपर्यंत माझा हात घट्ट धरून ठेवला. मग आंबट ताक ओतलं. चामखीळ गेली. तिच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग आहे, आणि आग इतकी झाली होती की माझ्या मुलीला मी हे करू देणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ चामखिळीला सिल्व्हर नायट्रेटची कांडी किंवा ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल लावतात, काही बारीक गाठींना पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावणही. पण मोजून, आणि आधी ती खरंच चामखीळ आहे ना हे पाहून.

ताक मात्र महत्त्वाचं. अध्यायात जागा काळी पडली की आंबट कांजी लावायला सांगितली आहे, आणि तिथेच शिष्यांच्या वतीने एक शंका उभी राहते: आंबट रस स्वतः उष्ण, तीक्ष्ण, मग आगीने आग कशी विझेल? राजाचं उत्तर असं की क्षारात आंबट सोडून बाकी सगळे रस असतात. आंबट मिळाला की त्यातला खारटपणा तीक्ष्णता टाकून गोडव्याकडे वळतो, आणि पाण्याने विस्तव विझावा तसा दाह शमतो. हे वाक्य लिहिताना मी थांबले. आम्ल आणि अल्क एकत्र येऊन जे होतं त्यालाच तर मराठी शाळा ‘क्षार’ म्हणते. राजाचा क्षार संपतो तिथे आमचा सुरू होतो. आणि माझ्या खर्ड्यात, पुनरुक्ती वाटून, कांजीचं हेच वाक्य संपादकांनी छाटलं होतं. क्षार म्हणजे मीठ असेल तर कांजी हवीच कशाला?

याच शहरात १९६०च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षारसूत्र पुन्हा वापरात आणलं. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप दिलेला दोरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली छापून आले: शस्त्रक्रियेने जखम चारेक आठवड्यांत भरते, दोऱ्याला आठ लागतात, पण वर्षभरात भगंदर उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के, दोऱ्यात ४. लेप आणि आकडे दोन्ही मी माझ्या जुन्या माहितीपत्रिकेच्या फाईलमध्ये घातले, आणि ‘क्षार लावलेला दोरा’ खोडून ‘वनस्पतीच्या राखेपासून काढलेला, मांस जाळणारा क्षार लावलेला दोरा, घरी बनवू नये’ असं लांबलचक लिहिलं.

अध्यायात ‘क्षार’ तसाच ठेवला आहे. अल्क लिहून पाहिलं, पण राजाच्या तोंडी तो शब्द शोभेना. पहिल्या वेळी फक्त ‘दाहक’ हे विशेषण जोडलं. कांजीचं वाक्य परत घातलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: हे काढू नये.