तळटीप १७ : ‘मागील वास्तव्याचे ठिकाण’

१७. मागील वास्तव्याचे ठिकाण : जनगणनेच्या कुटुंब अनुसूचीतील प्रश्न. जन्मस्थान पूर्वीपासून विचारले जाई. मागील वास्तव्याचा हा प्रश्न १९७१ मध्ये आला, स्थलांतराचे कारण १९८१ मध्ये. प्रगणक हे विचारतो ते गणनेच्या वेळी घरात राहणाऱ्यांना. त्यामुळे गगनबावडा तालुक्यातून मुंबईला गेलेला माणूस मुंबईच्या पत्रकात सापडतो. मस्कतला किंवा दुबईला गेलेला भारतातल्या कोणत्याच पत्रकात येत नाही. लेखक वर ज्याला ‘गळालेली माणसे’ म्हणतो ती हीच.

परदेशी गेलेल्यांची दुसरी नोंद १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली होते, पण तीही अर्धीच : आखातासह ठरावीक १८ देशांत कामाला जाणाऱ्या, मुख्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्यांनाच सरकारी परवानगी लागते. दहावी झालेला वेल्डर तिच्यातून सुटतो. शिवाय ही नोंद जाण्याची असते. माणूस परतला की नाही, हे तीवरून कळत नाही. म्हणून या परवान्यांचे आकडे तालुक्याच्या स्थलांतराचे माप म्हणून वाचू नयेत.

केरळात तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून नमुना पाहणीत घरोघरी थेट विचारले : या घरातले कोण परदेशी आहे, कोण परत आले, पैसे किती येतात? पुढील परिच्छेदात लेखक गगनबावड्यासाठी मागतो ती पाहणी या धर्तीची. ती मागणी रास्त आहे. मात्र तालुका लहान असल्याने येथे नमुना पुरणार नाही, प्रत्येक घर गाठावे लागेल.
— संपा.