११ जुलै : सुहास शिरवळकर यांचे निधन

नौपाडा, ११ जुलै : रहस्यकथाकार सुहास शिरवळकर यांचे ११ जुलै २००३ रोजी पुण्यात निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते.

आज नौपाड्यातल्या वाचकापुढे त्यांचे नाव काढले, की आधी ‘दुनियादारी’ आठवते. त्याच नावाच्या २०१३च्या चित्रपटाने तर या ओळखीवर शिक्काच मारला. पण १९८२च्या त्या कादंबरीतले चटपटीत संवाद आकाशातून पडले नव्हते. त्या लेखणीला धार आली ती अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद या त्यांच्या नायकांच्या कथांत. अमर विश्वास फौजदारी वकील. तिथे उलगडा पाठलागापेक्षा उलटतपासणीत व्हायचा, आणि उलटतपासणीत एक प्रश्न सैल पडला की साक्षीदार निसटलाच! हा साचा अर्ल स्टॅन्ले गार्डनरच्या पेरी मेसन या वकील-नायकाचा, असा आक्षेप घेता येईल. साचा असेलही. पण उसन्या साच्यावर वाचक फार तर दोन पुस्तके काढतो. पुढे त्याला धरून ठेवते ते बोलणे, आणि ते अस्सल इथले होते. समीक्षेने मात्र रहस्यकथेला वेळ घालवायचे साधन म्हणून बाजूला सारले. ‘दुनियादारी’ वाचून झालेल्यांनी आता अमर विश्वासची एखादी केस काढून बघावी.