विरोधातले गाव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी एकच हिशेब चालतो. कोणत्या गावाने किती लीड दिली आणि कोणते गाव ‘विरोधात गेले’. हा शिक्का एकदा बसला की लवकर निघत नाही. पुढच्या निवडणुकीत प्रचाराची गाडी त्या गावाच्या फाट्यावरून सरळ पुढे निघून जाते. कार्यकर्ते म्हणतात, तिथे वेळ घालवून काय उपयोग? आपली माणसे बाहेर काढा, म्हणजे झाले.

पक्षाने विरोधातल्या गावात जावे की नाही? व्यवहारी माणसाचे उत्तर सोपे आहे. दिवस मोजके, गाड्या मोजक्या, पैसा मोजका. तो खात्रीच्या जागी लावावा. शिवाय सगळ्यांनाच खूश करायला निघालेला पक्ष शेवटी कोणाचाच उरत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही आमच्या जिल्ह्याचा इतिहास जरा निराळे सांगतो.

हा जिल्हा निजामाच्या राज्यातला. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते आणि रझाकारांचा नेता कासिम रझवी लातुरातच वकिली करीत असे. रझाकारांचा जाच गावोगावच्या लोकांनी भोगला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, संस्थान भारतात आले आणि त्यानंतर सूडाची लाट उसळली. ती ज्यांच्यावर कोसळली, त्यांतल्या असंख्य मुसलमानांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव तिने लिहिले. संस्थानभरातल्या मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

ही सगळी कहाणी निवडणुकीच्या विषयात कशासाठी? कारण त्यानंतर चारच वर्षांत, १९५२ साली, याच गावांत पहिले सार्वत्रिक मतदान झाले. घर जळालेला आणि घर जाळताना पाहिलेला, रझाकारांचा मार खाल्लेला आणि रझाकार समजून मार खाल्लेला, सगळे एकाच रांगेत उभे राहिले. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तिच्यात चिठ्ठी टाकायची. ज्या गावांत माणसे एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती, तिथे उमेदवारांना पारावर उभे राहून मते मागावी लागली. सहानुभूती अमक्याची आणि वैर तमक्याचे, एवढ्या भांडवलावर ते भागणारे नव्हते.

या निवडणुकीत उस्मानाबादेतून हैदराबादच्या विधानसभेत गेले ते शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील. १७५ जणांच्या त्या सभागृहात काँग्रेसचे ९३ आमदार होते आणि शेकापचे अवघे दहा. जागोजाग काँग्रेसचा दबदबा असताना या लहान पक्षाकडे लोकांसमोर न्यायला होते काय? तर प्रश्न. कुळाचा प्रश्न, शेतसाऱ्याचा प्रश्न, धान्याच्या लेव्हीचा प्रश्न. हैदराबादचा कूळ कायदा १९५० साली झाला होता. पण कागदावरचे संरक्षित कूळ प्रत्यक्ष बांधावर टिकते की नाही, ही लढाई पुढे होती. या प्रश्नांचा एक गुण असा की ते माणसाची जात-धर्म विचारत नाहीत, मागच्या वेळी मत कोणाला दिले हेही विचारत नाहीत. जमीन कसतोस का, एवढेच विचारतात. विरोधकाच्या दारात जायचे तर हातात असे काहीतरी लागते.

दुसरी रीत यशवंतराव चव्हाणांची. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला नाकारले. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. त्यांनी नाराज प्रदेशाकडे पाठ फिरवली नाही. लोकांची मागणी दिल्लीच्या गळी उतरवली, १ मे १९६० रोजी राज्य आले आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. विरोधात गेलेला मतदार परत येतो, पण त्याचे म्हणणे मान्य केल्यावर येतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

मात्र त्याच काळात ‘बेरजेचे राजकारण’ हा शब्द रूढ झाला आणि त्याला एक सोपी पळवाट फुटली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आधीच शेकापमधून काँग्रेसमध्ये परतले होते. पुढे यशवंतराव मोहिते आले. ही माणसे विचारांची होती. पण त्यांच्यामागून जी प्रथा पडली ती अशी की मतदाराला पटवण्यापेक्षा त्याचा पुढारी उचलावा. पुढारी आला की गाव आपोआप येईल, हा त्यामागचा हिशेब. गावाशी बोलण्याचे कष्टच वाचले!

हा हिशेब किती कच्चा आहे, ते आमच्या जिल्ह्याने वारंवार दाखवले आहे. १९७७ साली लातूरने उद्धवरावांना लोकसभेत पाठवले आणि त्याच वेळी उस्मानाबादची जागा काँग्रेसकडे राहिली. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. म्हणजे एकाच जिल्ह्याने एकाच निवडणुकीत दोन कौल दिले. अगदी अलीकडचे पाहा. २०२४ च्या लोकसभेला जिल्ह्यातले वजनदार पुढारी महायुतीकडे असताना ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मतदारांनी जिल्ह्यातल्या चार जागा दोन-दोन अशा वाटून दिल्या. तुळजापूर आणि परंडा महायुतीला, धाराशिव आणि उमरगा ठाकरे यांच्या शिवसेनेला. मग यातले ‘विरोधातले गाव’ नेमके कोणते? जूनमधले की नोव्हेंबरमधले?

गावावर शिक्का मारणे आता सोपे झाले आहे, त्याला एक तांत्रिक कारणही आहे. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजल्या जात, त्यामुळे कोणत्या गावाने काय केले याचा अंदाजच करावा लागे. २००४ पासून लोकसभेचे मतदान देशभर यंत्रावर होऊ लागले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. दोन-तीनशे घरांच्या गावाचे मन पुढाऱ्याच्या टेबलावर कागदासारखे पसरलेले असते. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. तो व्यवहारात मात्र आलेला नाही. माणसाचे मत गुप्त राहिले, गावाचे राहिले नाही.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. आमच्या मोहल्ल्यांचे मत कोणाचे, हे आम्ही घराबाहेर पडण्याआधीच यादीवर पेन्सिलीने लिहिलेले असते. एक म्हणतो, ही मते आपलीच आहेत, तिकडे जाण्याची गरज नाही. दुसरा म्हणतो, ही आपली नाहीतच, तिकडे जाऊन उपयोग नाही. कारणे दोन, परिणाम एकच: गटाराचा आणि शाळेच्या खोलीचा प्रश्न विचारायला कोणी येत नाही. दलित वस्तीचे आणि तांड्याचेही हेच. गृहीत धरलेला मतदार आणि सोडून दिलेला मतदार यांच्या वाट्याला सारखीच उपेक्षा येते. ज्या गावासाठी दोन पक्ष झगडतात, त्या गावाचे निदान ऐकून घ्यावे लागते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. पक्षाने विरोधातल्या गावात जावे; पुढारी फोडायला नव्हे, पाकिटे वाटायला नव्हे आणि आपला विचार खिशात दडवूनही नव्हे. आपले म्हणणे सांगावे, त्यांचे ऐकावे, जे पटेल ते कबूल करावे. मते मिळाली नाहीत तरी कामात हात आखडू नये. १९७२ च्या दुष्काळात या राज्यात रोजगार हमीची कामे वाढली आणि पुढे तिचा कायदा सर्व पक्षांच्या संमतीने झाला. खडी फोडायला आलेल्या बाईला कोणी विचारले नाही की तुझ्या गावाची लीड कोणाला होती. मागेल त्याला काम, इतकाच नियम होता.

हा नियम रस्त्याला, पाण्याला, शाळेलाही लागू व्हावा. १९४८ नंतर चार वर्षांत आमच्या आधीच्या पिढीची माणसे एका रांगेत उभी राहू शकली. त्यांच्या जखमा आपल्यापेक्षा खोल होत्या. आज एखाद्या गावाने फक्त वेगळे बटण दाबले आहे. तेवढ्यासाठी फाट्यावरून गाडी वळवायला इतके जड का जावे?