गिरणगाव, पिंपरी आणि आठवड्याची गोळी

आम्हा संधिवाताच्या रुग्णांच्या बोलण्यात मेथोट्रेक्सेटला नाव आहे ‘आठवड्याची गोळी’. मी ती अकरा वर्षे घेते आहे. आठवड्यातून एकदा ती, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि सांधे फारच धरले की काही दिवस प्रेडनिसोलोन. या औषधांनी बोटे वाकायची थांबली. पण वर्षातून दोन-तीनदा यीस्टचा संसर्गही होऊ लागला: कधी तोंडात पांढरे चट्टे, कधी खाज आणि अंगावरून पांढरे जाणे. हा त्रास का होतो हे समजून घेण्यासाठी मी या औषधांचा इतिहास वाचू लागले. त्याचे महत्त्वाचे दुवे मला मुंबईच्या परळला, पुण्याजवळच्या पिंपरीला आणि मी राहते त्या कर्वेनगरात सापडले.

पहिला दुवा परळचा. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग होई; त्याचे कारण तिला शोधायचे होते. जंतू सापडेना, तेव्हा तिने बायकांच्या ताटाकडे पाहिले. प्रयोगशाळेतल्या माकडांना तसाच निकृष्ट आहार दिल्यावर त्यांनाही पंडुरोग झाला, आणि मार्माइट दिल्यावर तो हटला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क. स्वस्त आणि सहज मिळणारा. तो दिल्यावर गिरणगावातल्या बायकाही सुधारल्या. 1931 मध्ये तिने हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधल्या त्या अनामिक घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक अ‍ॅसिड.

ते कृत्रिमरीत्या बनवण्याचे काम अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या गटाने फॉलिक अ‍ॅसिडशी जवळजवळ जुळणारे, पण पेशीला फसवून तिची वाढ अडवणारे रेणूही घडवले. त्यांपैकी अमिनॉप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि 1948 मध्ये रोग तात्पुरता हटल्याचे जाहीर केले. त्याचाच भाऊबंद मेथोट्रेक्सेट. 1951 मध्ये अमिनॉप्टेरिनचा उपयोग सांधेदुखीवर आणि सोरायसिसवरही दिसला. पण त्याच सुमारास कॉर्टिझोनचा बोलबाला होता. त्याच्या शोधकर्त्यांना 1950 चे नोबेल मिळाले होते. मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 1988 उजाडले. कर्करोगासाठीच्या मात्रेपुढे संधिवाताची मात्रा अगदी लहान, आणि तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर ती जीवावर बेतू शकते. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी म्हणजे गिरणगावातल्या बायकांना बरे करणारा तोच घटक. एका हाताने अडवायचे आणि दुसऱ्या हाताने थोडे परत द्यायचे, असा हा हिशेब आहे.

आता या गोष्टीतले दुसरे यीस्ट. ते भट्टीतल्या किंवा पावातल्या यीस्टहून वेगळ्या जातीचे. बहुतेक वेळा ते कॅन्डिडा अल्बिकन्स असते. कॅन्डिडा म्हणजे शुभ्र, अल्बिकन्स म्हणजे पांढरे होणारे: नावातच पांढरेपणा दोनदा आला आहे. लाखो निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनीमार्गात ते निमूट राहते. शरीराचा पहारा सैल पडला की माजते. आमवातात शरीराचा पहारेकरी स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतो, म्हणून त्याला औषधाने आवरावे लागते. पण आवरलेला पहारेकरी दारावरही थोडा ढिला पडतो. यात स्टिरॉइडचा वाटा मोठा. सोबत मधुमेह असला किंवा नुकतेच अँटिबायोटिक झाले असले, तर धोका आणखी वाढतो. सोरायसिसच्या संधिवातासाठी इंटरल्यूकिन-17 अडवणारी नवी इंजेक्शने आहेत. कॅन्डिडाविरुद्धच्या पहाऱ्यात हाच रेणू मुख्य असल्याने ती घेणाऱ्यांत हा संसर्ग विशेष दिसतो.

या यीस्टवरचा उपाय मातीतून आला. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या, एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे आणि जंतूंचे नमुने टपालाने एकमेकींना पाठवत त्यांनी एक बुरशीनाशक शोधले. 1950 मध्ये जाहीर झालेल्या या औषधाला राज्याच्या नावावरून निस्टॅटिन म्हणतात.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत तसेच काम पिंपरीत झाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना प्रामुख्याने पेनिसिलिनसाठी ओळखला जातो. पण तिथे बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्मजीवांचा शोध घेत होते. 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन मिळवले. त्या जीवाला नाव दिले ‘पिंप्रिना’. औषधाच्या नावातली पहिली अक्षरे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. निस्टॅटिनप्रमाणेच तेही यीस्टच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पडद्याला भोके पाडते. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असल्याने त्यांना कमी इजा होते. तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या कॅन्डिडावर लावण्यासाठी हॅमायसिन वापरले गेले. पुढे क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनॅझोल आल्यावर ते मागे पडले.

औषध होते आणि आहे. अडचण सांगण्यात आहे. आपल्याकडे ‘तोंड आले’ या एकाच शब्दात दोन वेगळे आजार मावतात. मेथोट्रेक्सेटने येतात ते दुखरे, लालसर फोड. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड किंवा गोळीची मात्रा पाहावी लागते. कॅन्डिडाचा चट्टा दह्यासारखा पांढरा असतो, खरवडला तर निघतो आणि खाली लाल राहतो. त्याला बुरशीनाशकच लागते. अंगावरून जाण्याबद्दल तर बोललेच जात नाही. संधिवाताच्या दवाखान्यात गोष्ट गुडघ्यांची आणि यकृताच्या तपासणीची होते. घरी आल्यावर बाई शेजारणीने सांगितलेले मलम लावते. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दबते, बुरशी वाढते. किंवा ती मनानेच आठवड्याची गोळी बंद करते, आणि सांधे पुन्हा सुजतात.

मी राहते ते कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी 1900 मध्ये आपला विधवा स्त्रियांचा आश्रम इथल्या माळावर आणला. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. ज्या अवयवांचे नाव घेणेही असभ्य मानले जाई, त्यांच्याबद्दल वाचक त्यांना प्रश्न विचारत आणि ते छापून उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, निकाल मात्र विरुद्ध गेला.

रघुनाथरावांची ती सवय मला औषधाइतकीच उपयोगी पडली. आता तपासणीला जाताना मी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून नेते: चट्टे किंवा खाज कधी सुरू झाली, त्याआधी अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड घेतले होते का, आणि सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. तिसरी ओळ यासाठी की, फ्लुकोनॅझोल काही औषधांची रक्तातली पातळी वाढवते. संधिवातावरचे टोफासिटिनिब त्यांतलेच. संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की साखर तपासून घेते. पाव-इडली सोडलेली नाही. पावातले यीस्ट भट्टीत मरते आणि ते कॅन्डिडा नव्हे. आठवड्याच्या गोळीत बदल करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. पण ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती माझ्याच तोंडून यावी लागते.