कात्रीची बदनामी

न्यूमोकॉकस पित्तात विरघळतो, हे जर्मनीच्या फ्रेड नॉयफेल्ड यांनी १९०० साली दाखवलं. न्यूमोनियाच्या या जंतूंनी गढुळलेलं द्रावण पित्त पडताच नितळ होतं. जंतू ओळखायची ही खूण प्रयोगशाळा आजही वापरतात. पण पित्त फक्त निमित्त असतं. भिंत फाडणारं एन्झाइम जंतूच्या स्वतःच्याच घरातलं. अशा एन्झाइमांना नाव पडलं ‘ऑटोलायसिन’, म्हणजे स्वतःलाच विरघळवणारं.

हे नाव मला खटकतं. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. एखाद्या फंक्शनला त्याच्या बिघाडावरून नाव दिलं, की त्याचं खरं काम काय हे विचारायचं सगळेच विसरतात.

जीवाणूची भिंत विटांची नसते. साखरेचे लांब धागे आणि त्यांना सांधणारे अमिनो आम्लांचे दुवे, असं ते सलग विणकाम. अख्खी भिंत म्हणजे पिशवीसारखा एकच महाकाय रेणू, असं वायडेल आणि पेल्झर यांनी १९६४ मध्ये मांडलं. मग अडचण उभी राहते. आतून दाब आहे, पिशवीला कुठे शिवण नाही. ती वाढवायची तर आधी काही टाके उसवायला हवेत. आणि पेशी दुभागताना मधली सामाईक भिंत कापल्याशिवाय दोन कन्यापेशी सुट्या व्हायच्या कशा?

उत्तराचा मोठा तुकडा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सापडला. (एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये आनुवंशिकतेचा धागा डीएनएपर्यंत नेला तो याच संस्थेत, याच जंतूवर.) न्यूमोकॉकसला भिंतीसाठी कोलीन लागतं. अलेक्झांडर टोमाझ यांनी १९६८ मध्ये त्याऐवजी त्याला इथॅनोलअमाइन खाऊ घातलं. जंतू वाढले, दुभागले, पण सुटेच होईनात. लांबच लांब माळा झाल्या. आपोआप विरघळणंही बंद. सुटं करणारी कात्री आणि विरघळवणारा मारेकरी एकाच यंत्रणेतले निघाले!

१९७० मध्ये त्यांच्या गटाने अशा जंतूंना पेनिसिलिन दिलं. वाढ थांबली, पण पेशी फुटल्या नाहीत. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या गवंड्याला अडवतं. पुढची मोडतोड जंतूची कात्री करते. वाढ थांबणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळलं. औषध थांबवल्यावर जंतू पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा रुग्णाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा असतो.

ई. कोलायने संशोधकांना जास्त दमवलं. त्याच्याकडे एकाच कामाच्या अनेक कात्र्या. एक काढली तर दुसरी भागवून नेते. ट्यूबिंगेनमध्ये होल्टये यांच्या गटाने तीन अमायडेज एकदम काढली, तेव्हा कुठे २००१ मध्ये तशाच माळा दिसल्या. या कात्र्या एरवी म्यानात असतात आणि दुभागण्याच्या जागी एन्व्हसी आणि एनएलपीडी ही प्रथिनं त्यांना चालू करतात, हे २०१० मध्ये उएहारा आणि बर्नहार्ट यांनी दाखवलं.

२०१२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीत मंजुला रेड्डी यांच्या गटाने वेगळ्या तीन कात्र्या हेरल्या. या दुभागताना नव्हे, तर पेशी वाढताना आडवे दुवे कापणाऱ्या. तिन्ही नाहीशा केल्या, तर भिंतीत नवा माल शिरत नाही आणि पेशी झपाट्याने फुटते. कात्री नाही, म्हणून फुटते.