द ग्रेट गिली हॉपकिन्स (कादंबरी आणि चित्रपट)

द ग्रेट गिली हॉपकिन्स ही अमेरिकन लेखिका कॅथरीन पॅटरसन यांची १९७८ साली प्रकाशित झालेली इंग्लिश बालकादंबरी आहे. प्रतिपालकत्वाच्या (फॉस्टर केअर) व्यवस्थेत एका घरातून दुसऱ्या घरात फिरवल्या गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलीची ही कथा आहे. कादंबरीला १९७९ साली बालसाहित्यासाठीचा नॅशनल बुक अवॉर्ड हा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी न्यूबेरी सन्मानही लाभला. तिच्यावर आधारित त्याच नावाचा चित्रपट ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधी १९८१ साली तिचे दूरचित्रवाणीसाठीही रूपांतर झाले होते.

पार्श्वभूमी

पॅटरसन यांनी काही काळ दोन कंबोडियन शरणार्थी मुलांचा आपल्या घरी सांभाळ केला होता. मुले थोड्याच दिवसांसाठी आली आहेत, तेव्हा अडचणींकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, अशी आपली वृत्ती होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. माणसाला तात्पुरती वस्तू मानणाऱ्या या वृत्तीची बोच कादंबरीच्या मुळाशी आहे.

कथानक

गॅलाड्रिएल उर्फ गिली मेरीलँडमधील मेमी ट्रॉटर या स्थूल, प्रेमळ बाईच्या घरी येते. तिथे विल्यम अर्नेस्ट हा घाबरट लहान मुलगा आधीपासूनच राहत असतो, तर शेजारचे अंध, कृष्णवर्णीय रँडॉल्फ रोज जेवायला येतात. कॅलिफोर्नियात राहणारी आपली सुंदर आई, कोर्टनी, एक दिवस आपल्याला न्यायला येईल, या स्वप्नावर गिली जगत असते. त्यासाठी ती पैसे चोरते, पळून जाण्याचा प्रयत्न करते आणि ट्रॉटरच्या घराविषयी खोटेनाटे लिहिलेले पत्र आईला धाडते. पत्राचा परिणाम होतो तेव्हा मात्र गिलीला ते घर आपले वाटू लागलेले असते. नातीच्या अस्तित्वाचीही कल्पना नसलेली तिची आजी तिला व्हर्जिनियाला घेऊन जाते. पुढे नाताळच्या सुमारास आई येते तीही दोन दिवसांपुरती, आजीने प्रवासखर्च दिला म्हणून. गिली विमानतळावरून ट्रॉटरला दूरध्वनी करून परत येऊ देण्याची विनवणी करते. ट्रॉटर तिला नकार देते.

चित्रपट

चित्रपटाचे दिग्दर्शन स्टीफन हेरेक यांनी केले असून पटकथा लेखिकेचे पुत्र डेव्हिड पॅटरसन यांची आहे. आईच्याच ब्रिज टू टेराबिथिया या कादंबरीवरील २००७ च्या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा सहभाग होता. गिलीची भूमिका सोफी नेलीस हिने केली. द बुक थीफ (२०१३) मध्येही तिने दुसऱ्याच्या घरी वाढणारी मुलगी साकारली होती. कॅथी बेट्स (ट्रॉटर), ग्लेन क्लोज (आजी), ज्युलिया स्टाइल्स (आई), ऑक्टेव्हिया स्पेन्सर (शिक्षिका हॅरिस) आणि बिल कॉब्स (रँडॉल्फ) हे इतर कलाकार आहेत.

तुलना

घटनाक्रमाच्या बाबतीत चित्रपट मूळ कादंबरीशी बराचसा प्रामाणिक आहे. समाजसेविका मिस एलिस ही चित्रपटात पुरुष झाली आहे, पण हा बदल किरकोळ म्हणावा लागेल. खरा फरक निवेदनाचा आहे. कादंबरी तृतीयपुरुषी असली तरी ती सतत गिलीच्या मनातून बोलते. गिली स्वतःला धूर्त सेनापती समजते, पण तिच्या डावपेचांमागची भीती वाचकाला तिच्या आधी कळते. तिचा वर्णद्वेषही लेखिकेने झाकलेला नाही. रँडॉल्फ यांचा हात धरताना तिला किळस येते. शिक्षिकेला ती अपमानकारक भेटकार्ड पाठवते. हॅरिसबाई त्यावर शिक्षा करत नाहीत. गिलीसारखाच संताप आपल्याही मनात आहे, एवढेच त्या सांगतात. कादंबरीतील हा बहुधा सर्वांत धाडसी प्रसंग आहे. पडद्यावर गिलीचे मन अभिनयातूनच दाखवावे लागते. त्यामुळे नेलीसचा उद्धटपणा प्रभावी वाटला, तरी त्याआडची मोजदाद कमी जाणवते. शिवाय चित्रीकरणाच्या वेळी ती कादंबरीतील गिलीपेक्षा वयाने मोठी होती. अकरा वर्षांच्या मुलीचे पोरकेपण तिच्यात किशोरवयीन बंडखोरीकडे झुकते. याउलट बेट्स यांची ट्रॉटर कागदावरच्या ट्रॉटरइतकीच भरीव आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

न पाहिलेल्या जन्मदात्या आईची ओढ आणि वाढवणाऱ्या आईचे मोल हा विषय मराठीत सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या नाळ (२०१८) या चित्रपटात आला आहे. तेथील मूल मात्र दत्तक आहे. प्रतिपालकत्वात मुलावरचा कायदेशीर हक्क पालनकर्त्या कुटुंबाकडे जात नाही, आणि गिलीची शोकांतिका नेमकी याच फरकातून उद्भवते.

भारतात प्रतिपालकत्वाची तरतूद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावे, या हेतूने महाराष्ट्रात बालसंगोपन योजनाही राबवली जाते. गिलीसारखे प्रकरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात उद्भवल्यास ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येईल. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची असल्याचे हा कायदा मानतो. त्याचबरोबर मुलाचे म्हणणे वय व समज पाहून विचारात घ्यावे, असेही सांगतो. कादंबरीत आजीच्या बाजूने पहिले तत्त्व उभे आहे आणि गिलीच्या बाजूने दुसरे.