डफी प्रतिजन व हिवताप

मानवी तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील, १९५० मध्ये प्रथम वर्णिलेले एक प्रथिन. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या परजीवीस पेशीत शिरण्यासाठी मुख्यतः याचाच आधार लागतो. उपदंशजन्य पक्षाघातावर मुद्दाम हिवताप देण्याचा जो उपचार वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये व्हिएन्ना येथे सुरू केला, तो अमेरिकेत अनुसरला जात असता आफ्रिकी वंशाच्या रुग्णांस व्हायव्हॅक्सची लागण बहुधा होतच नाही, असे वैद्यांच्या निदर्शनास आले होते. परंतु या गोष्टीचा खुलासा, ज्यांच्या पेशींवर हे प्रथिनच नाही अशा स्वयंसेवकांस संसर्गित डास चाववून पाहिल्यावर, मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये केला. मौज अशी, की अशा व्यक्तींत प्रथिनाचा आराखडा देणारा जनुकाचा भाग शाबूत असतो. त्याच्या नियंत्रक भागातील अवघ्या एका घटकाच्या बदलाने तांबड्या पेशींपुरतीच निर्मिती थांबते, अन्य ऊतकांत ती अव्याहत चालते.

पश्चिम व मध्य आफ्रिकेत ९५ टक्क्यांहून अधिक लोक डफीविरहित आहेत. भारतात हा प्रकार विरळा, सबब व्हायव्हॅक्सला येथील मुलूख मोकळा आहे. फॅल्सिपेरम या अधिक घातक जातीपुढे मात्र हे कवच निरुपयोगी ठरते, कारण तिचे प्रवेशद्वार निराळे. हे संरक्षण अभेद्य होय, ही समजूतही टिकली नाही. मादागास्करमध्ये डफीविरहित रुग्णांत व्हायव्हॅक्सचा संसर्ग आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.